बापूचे व्याही, पंकजचं भविष्य आणि फोनमधली बाई

"बापू, फक्त सहा महिने थांबा, मग बघा," असं पंकज म्हणाला आणि तिथून सगळं पेटलं.

ओट्यावर नेहमीचेच होतो. ओटा बापूच्या मोटार रिवाइंडिंगच्या दुकानाचा. अमळनेर तालुक्यात ज्याच्या विहिरीत मोटार आहे आणि ती एकदा तरी जळाली आहे, त्याला पत्ता सांगावा लागत नाही. मास्तर (मराठीचे, नोकरीतून निवृत्त, बोलण्यातून नाही), मोबाईलवाला मुन्ना, मी, आणि आखाजीसाठी (म्हणजे आमच्याकडची अक्षय्य तृतीया) पुण्याहून आलेला पंकज. पंकज हिंजवडीत नेमकं काय करतो हे त्याच्या आईलाही सांगता येत नाही. "कंप्युटरमा शे," एवढंच ती सांगते. संध्याकाळी साडेसातला त्याच्या कपाळावर गॉगल होता, ही नोंद मी मुद्दाम करून ठेवतो.

बापूचं दुखणं वेगळंच होतं. स्टेटरमध्ये तार भरताना नाहीतर वार्निश मारताना त्याचे दोन्ही हात अडकलेले असतात. अशा माणसाला बोलण्यावर चालणारा फोन म्हणजे खरं तर देव पावल्यासारखं व्हायला हवं. शेताची लाईन रात्री येते, मोटारी रात्री जळतात, फोन रात्री वाजतात. मागच्या महिन्यात रात्री अकराच्या सुमारास, कोपरापर्यंत वार्निश माखलेलं असताना, बापूनं टेबलावरच्या फोनला हुकूम सोडला, "संजूले फोन लाव." संजू म्हणजे दोन मोटारी भरून नेऊन सहा महिने तोंड न दाखवलेलं गिऱ्हाईक. फोनमधली बाई गोड आवाजात "ठीक आहे" म्हणाली. रिंग गेली. पलीकडचा 'हॅलो' पुरा व्हायच्या आत बापू सुटला. छापण्यासारखं तेवढं देतो: "काय रे, मन्हा पैसा कव्हय देशी? लाज शे का नही?"

फोन लागला होता चोपड्याच्या संजयरावांना. म्हणजे बापूच्या व्याहींना.

व्याहींनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, "रामराम" म्हणाले आणि फोन ठेवला. मुलीच्या बापानं मुलाच्या बापाकडे रात्री अकराला पैसे मागितल्याची महाराष्ट्रातली ही पहिलीच घटना असावी. आणि आता आखाजी दारात, तरी लेकीला माहेरी पाठवायचं चोपड्याहून नाव नाही. झाडाला झोका बांधून झाला, गौराई बसली, खापर घासून ठेवलं, आणि लेक नाही. बापूची बायको बापूशी बोलत नव्हती. खानदेशाबाहेरच्यांना यातलं गांभीर्य कळणार नाही, त्यांनी पुढच्या परिच्छेदावर जावं.

"यात टेक्नॉलॉजीचा दोष नाही, बापू," पंकज म्हणाला. "बेसिकली तुमचा काँटॅक्ट डेटा क्लीन नाही."

"माझा काय क्लीन नही?"

"नावं नीट सेव्ह केलेली नाहीत हो."

मुन्नानं बापूचा फोन घेतला आणि यादी मोठ्यानं वाचायला लागला. संजू कॉपर. संजू कॉपर नवा. संजय दाजी. संजूभाऊ चोपडा. बोअर पाटील. बोअर पाटील दोन. उचलू नको. उचलू नको एक. उचलू नको खरंच. यातला शेवटचा नंबर मास्तरांचा निघाला. त्यावर बराच वेळ गेला. मास्तरांनी चहा अर्धा ठेवून उठायचं नाटक केलं, कोणी अडवलं नाही, म्हणून परत बसले.

मुन्ना या लोकांत एकटा फोन उघडून पाहिलेला माणूस. त्यानं सांगितलं ते मला पटलं. बापूच्या फोनमधली नावं त्याच्या पोरानं, पुतण्यानं, दुकानातल्या पोऱ्यानं, ज्यानं त्यानं आपापल्या मनानं इंग्रजी अक्षरांत घातलेली. कोणी संजूला शेवटी यू लावला, कोणी डबल ओ. बाई ऐकते मराठी, लिहिते मराठीत आणि शोधायला जाते इंग्रजी यादीत. त्यातून बापू म्हणतो 'संजूले'. तिला वाटतं संजुले हे आडनाव आहे. मग जवळचं दिसेल ते नाव उचलायचं आणि रिंग द्यायची. 'यातला नेमका कोण' असं विचारायची अक्कल तिला कधी सुचते, कधी नाही.

"मंग मी काय करू?" बापू म्हणाला. (तो अहिराणीतच बोलतो. सगळं तसंच लिहिलं तर पुण्याचे वाचक खाली भाषांतर मागतील, म्हणून अर्धंमुर्धं सपाट केलं आहे.) "मी माझ्या दुकानात, माझ्या फोनशी, आकाशवाणीवानी बोलू? 'कृपया श्रीयुत संजय यांना दूरध्वनी जोडावा'? अरे, लग्न झालं तव्हापासून मी बायकोसाठी बोलणं बदललं नही, या बाईसाठी बदलू?"

पंकजचं म्हणणं, हे सगळं जुन्या असिस्टंटचं झालं. आता एलएलएम आलं आहे, म्हणजे ढीगभर मजकूर वाचून बोलायला शिकलेलं एआय. नवीन बाईला संदर्भ कळतो, मिश्र भाषा कळते, तुम्ही अर्धं वाक्य बोला, ती पुरं करते.

"वाक्य माझं मी पुरं करतो ना भो. तिनं फोन लावायचा आहे."

इथं मुन्नानं एक कामाची गोष्ट सांगितली. जुनी बाई ठरलेल्या साच्यांवर चालायची. गजर लाव, टॉर्च लाव, अमक्याला फोन कर. वाक्य साच्यात बसलं तर काम होणार, नाही बसलं तर 'मला समजलं नाही'. नव्या बाईचं उलटं. ती पुढचा शब्द काय असेल याचा अंदाज बांधत बोलते, त्यामुळे बोलण्यात अडत नाही. पण गजराचं बटण दाबणं हे तिच्या अंगात नाही. ते तिला वेगळं जोडून द्यावं लागतं. म्हणूनच गुगलची नवी बाई, जेमिनाय, फोनवर आली तेव्हा जुन्या असिस्टंटला जमणारी साधीसुधी कामं तिला जमत नव्हती आणि लोक परत जुन्याकडे वळत होते. मार्च २०२५ मध्ये गुगलनं जाहीर केलं, वर्षअखेरपर्यंत जुना असिस्टंट बंद, सगळीकडे जेमिनाय. डिसेंबर आला तेव्हा म्हणाले, २०२६ मध्ये करू.

"म्हनजे पहिली मुकी होती पण कामाची," बापू म्हणाला, "ही दुसरी कीर्तनकार. देवळात बसव, घरात नको."

पंकजच्या हातातला फोन अर्थातच ॲपलचा, हप्त्यांवर घेतलेला. मुन्नानं तो धागा धरला. जून २०२४ मध्ये त्यांनी दाखवलं काय, तर सिरीला, म्हणजे ॲपलच्या बाईला, विचारा, आईचं विमान कधी उतरतं, ती तुमचे मेल-मेसेज चाळून सांगेल. त्या भरवशावर सोळा नंबरचा फोन विकला. मार्च २०२५ मध्ये सांगितलं, वेळ लागेल, आणि टीव्हीवरची जाहिरातही काढून घेतली. जानेवारी २०२६ मध्ये तर थेट गुगलशीच हातमिळवणी. सिरीच्या आत जेमिनायचं डोकं बसवायचं ठरलं.

"ती स्ट्रॅटेजिक पार्टनरशिप आहे," पंकज म्हणाला.

"आपल्याकडे त्याला उसनवारी म्हणतात," मास्तर म्हणाले. त्या संध्याकाळी मास्तरांच्या तोंडून निघालेलं हे एकमेव छोटं वाक्य. लगेच त्यांनी भरपाईही केली: "सिरी आली ती ४ ऑक्टोबर २०११ रोजी, आयफोन फोर एस बरोबर. मला आठवतं, कारण दुसऱ्याच दिवशी स्टीव्ह जॉब्ज वारले आणि मी शाळेत परिपाठाला त्यांच्यावर पंचवीस मिनिटं बोललो होतो."

"मला पण आठवतं," पंकज म्हणाला. "दोन पोरं चक्कर येऊन पडली होती."

पंकज मास्तरांचाच विद्यार्थी. नववीला मास्तरांनी त्याला मराठीत एका मार्कानं लटकवलं होतं, ते दोघंही विसरलेले नाहीत. दर आखाजीला आणि दर दिवाळीला तो एक मार्क निघतो. मास्तर म्हणतात, तुझ्या निबंधात एकही वाक्य क्रियापदापर्यंत पोचलं नव्हतं. पंकज म्हणतो, आज मी महिन्याला किती कमावतो विचारा. मास्तर म्हणतात, क्रियापदानंतर सांग. ते सगळं याही वेळी झालं, मी गाळतो.

"पंधरा वर्षं झाली म्हना की हिला येऊन," बापूनं हिशोब केला. "पंधरा वर्षांत पोरगं दहावीला बसतं. हिला अजून गजर लावता येतो याचंच कौतुक."

पंकज खरंच चिडला. आणि चिडला की तो अमळनेरचं नाक दाबतो. "भविष्यावर विश्वास ठेवला नाही की काय होतं, हे तरी या गावानं मला विचारू नये. विप्रो इथं सुरू झाली. इथं! आणि तुमच्या आजोबांनी शेअर विकून काय घेतलं बापू? म्हैस!"

एकदम शांतता. हा विषय बापूसमोर काढत नाहीत. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी मास्तरांनी माहिती पुरवलीच, की २९ डिसेंबर १९४५, वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स, वनस्पती तुपाचा कारखाना, वगैरे. गावात ज्यांनी तेव्हाचे शेअर पेटीत तसेच ठेवले त्यांची नातवंडं आज कुठं आहेत आणि बापू कुठं आहे, हे बोलायची गरज नव्हती.

बापूनं शांतपणे तंबाखू मळली. "म्हैस घेतली. बरोबर. पन ती म्हैस त्याच संध्याकाळी दूध देत होती, पंक्या. 'सहा महिने थांबा, बेसिकली' नही म्हनली."

मुन्नाच्या नाकातून चहा आला.

यानंतर पंकज थोडा उतरला आणि गप्पा २०२५ मध्ये निघालेल्या फुकटच्या एआय योजनांवर गेल्या. जिओवाल्यांना जेमिनायचं महागडं पॅकेज अठरा महिने फुकट, एअरटेलवाल्यांना पर्प्लेक्सिटी वर्षभर फुकट, चॅटजीपीटी गो वर्षभर फुकट. मुन्ना म्हणाला, निम्म्या लोकांना आपल्याकडे हे आहे हेच ठाऊक नाही. त्याच्या दुकानात लोक उलट तक्रार घेऊन येतात, व्हॉट्सॲपमधलं ते निळं गोल काढून द्या. ते मेटाचं एआय, ते काढता येत नाही. एक आजीबाई तर त्याला हात लागला की नातू मुंबईहून बघतो, असं समजून पदर सावरायच्या.

"फुकट का देतात?" बापूनं विचारलं.

"युजर बेस वाढवायला," पंकज.

"२०१६ मध्ये जिओ फुकट होतं," मी म्हणालो, "आता रिचार्ज काय पडतो बघ." माझं एवढंच वाक्य त्या दिवशी चाललं, म्हणून लिहून ठेवतो.

मुन्नानं मग जे सांगितलं त्यावर पंकजकडे खरोखर उत्तर नव्हतं. फोनमध्येच चालणारं एआय हवं तर मेमरी जास्त लागते. ॲपलचं एआय आठ जीबीच्या खालच्या फोनवर चालतच नाही. नसेल मेमरी तर प्रत्येक वाक्य दूरच्या सर्व्हरवर जाऊन परत येणार, आणि वावरात रेंजची काय गत असते ते सगळ्यांना माहीत. आणि गंमत अशी, की तिकडे डेटा सेंटरवाले मेमरीच्या चिपा एवढ्या उचलतात की गेल्या काही महिन्यांत चिपा महागल्या आणि फोनच्या किमती वर गेल्या. "म्हणजे एआयमुळे फोन महागला," मुन्ना म्हणाला, "म्हणून गिऱ्हाईक कमी मेमरीचा घेतं, आणि कमी मेमरीच्या फोनात एआय चालत नाही. खोक्यावर मात्र 'एआय' छापलेलं असतं. मी विकतो ना, मला काय."

"तांब्याचा भाव बघ," बापू म्हणाला. "ते पन तिकडंच जाई रायनं." डेटा सेंटरना तांबं लागतं हे खरंच आहे. पण बापू गेली दोन वर्षं पावसापासून जावयाच्या पगारापर्यंत सगळ्याचं खापर तांब्याच्या भावावर फोडतो, त्यामुळे कोणी लक्ष दिलं नाही.

मास्तरांना इथं भाषेचा मुद्दा मांडायचा होता, तो त्यांनी मांडला, आणि खरं सांगायचं तर त्या दिवसाचा सगळ्यात वजनदार मुद्दा तोच होता. फक्त त्यांनी तो जॉर्ज ग्रिअर्सन या इंग्रजांच्या काळातल्या भाषा-अभ्यासकापासून सुरू केला. ग्रिअर्सननं आपल्या भाषा सर्वेक्षणात खानदेशीचा (अहिराणी त्यातच आली) मराठीहून वेगळा हिशोब मांडला. २०११ च्या जनगणनेत खानदेशी आपली भाषा म्हणून सांगणारे अठरा लाखांवर लोक. गुगल असिस्टंट मराठीत आला २०१८ मध्ये, जेमिनाय लाईव्ह मराठी बोलायला लागलं २०२४ मध्ये. सरकारचं भाषांतराचं भाषिणी २०२२ पासून आहे. पण यांची मराठी म्हणजे वर्तमानपत्राची मराठी. रावेर-यावलची लेवा बोली घ्या, शिरपूरकडची बोली घ्या, आपली अहिराणी घ्या. बोलत्या मदतनिसांच्या यादीत कुठं आहे ती? ज्याचे हात रिकामे आहेत, ज्याला टाईप करता येतं, त्याची भाषा यांना कळते. ज्याला बोलण्यावाचून इलाज नाही, त्याची कळत नाही.

"डेटा नाही ना सर," पंकज म्हणाला. "अहिराणीचा डेटाच नाही."

"डेटा नही?" बापू उसळला. "तुझी माय सकाळी पाच वाजेपासून बोलती. भर म्हनावं टेप लावून."

पंकजही हसला. त्याच्या आईला ओळखणारा कोणीही हसला असता.

माझं मत कोणी विचारलं नाही, म्हणून इथं देतो. बापूला कीर्तनकार नको आहे, कविता करणारी बाई नको आहे, फोटोतून माणूस खोडणारी तर नकोच आहे. रात्री अकरा वाजता बापू 'संजू' म्हणतो तेव्हा तो कोण, हे त्याच्याच फोनला कळावं, एवढंच. गेल्या सहा महिन्यांत रात्री कोणाला किती वेळा फोन लावला, हे त्या फोनात लिहिलेलंच आहे. व्याहींना तो वर्षातून दोनदा फोन करतो, तोही सकाळी, आंघोळ करून. हे ओळखायला कसली बुद्धिमत्ता लागते? दुकानातला पोऱ्या हे पहिल्या आठवड्यात शिकतो.

हेच मी बोलून दाखवलं तर पंकज म्हणाला, "करेक्ट, पण त्यासाठी तिला तुमचं सगळं ऐकावं-वाचावं लागेल. प्रायव्हसी?" आणि मुन्नानं लगेच सिरीच्या खटल्याची आठवण काढली. न बोलावता ऐकल्याच्या तक्रारीवर ॲपलनं साडेनऊ कोटी डॉलरवर तडजोड केली होती. चूक कबूल केली नाही, पैसे कबूल केले.

"म्हनजे ऐकती सगळं," बापू म्हणाला. "फक्त कामाचं ऐकत नही."

यावर पंकजनं शर्ट झटकला, गॉगल कपाळावरून काढून खिशात ठेवला आणि जाहीर केलं की एआय काय करू शकतं हे तो आत्ता, या ओट्यावर दाखवणार. बापूच्या व्याहींना माफीचा मेसेज. तो फोनशी बोलू लागला, बेसिकली हे, बेसिकली ते, आणि दहा सेकंदांत मजकूर आला. त्यानं तो मोठ्यानं वाचला:

"आदरणीय संजयराव, सस्नेह नमस्कार. गत महिन्यात आमच्याकडून अनवधानाने झालेल्या दूरध्वनी संभाषणामुळे आपणांस जो मनस्ताप सहन करावा लागला, त्याबद्दल आम्ही मनःपूर्वक दिलगिरी व्यक्त करतो. उभय कुटुंबांतील सौहार्दपूर्ण संबंध यापुढेही वृद्धिंगत होतील, अशी आशा बाळगतो. आपल्या सहकार्याची अपेक्षा आहे."

"शुद्ध आहे," मास्तर म्हणाले. पंकजला त्यांनी नववीनंतर दिलेली ही पहिली शाबासकी, आणि तीही त्याची नव्हती.

बापू घाबरला होता. "हे मी बोललो असं वाटंल का त्यांना?" "कोणालाच वाटणार नाही," मुन्ना म्हणाला. पण तोवर पंकजनं बापूच्या व्हॉट्सॲपवर टाकून पाठवूनही दिलं होतं. दोन निळ्या रेघा लगेच उमटल्या. मग वरती 'रेकॉर्ड करत आहेत' असं दिसायला लागलं आणि ते थांबेचना. बापूनं तंबाखू थुंकून टाकली.

व्हॉइस नोट आली. मुन्नानं स्पीकरवर लावली. व्याहींचा आवाज, मागं केळीचा ट्रक भरणाऱ्यांचा गलका:

"बापू, हे कोनी लिव्हलं? वकील लावला का काय? अन् सहकार्य कशाचं पाहिजे? इकडं केळी कापनं चालू होतं, मजूर भेटेना, म्हनून पोरगी थांबली. उद्या सकाळच्या गाडीनं बसती, स्टँडवर घ्यायला जा. अन् ऐका, त्या दुसऱ्या संजूनं पैसे दिले का नही? नसतील दिले तर नंबर द्या मला, मी बोलतो. तुमच्याएवढं नही जमायचं, पन बोलतो."

ओट्यावर जो काही गोंधळ झाला तो लिहिण्यासारखा नाही. बापूची बायको आतून बाहेर आली आणि महिन्याभरात पहिल्यांदा नवऱ्याशी बोलली. काय बोलली ते अहिराणीत होतं आणि अहिराणीतच राहू दे.

"बघा!" पंकज म्हणाला. "शेवटी काम एआयनंच केलं ना?"

"केलं ना भो," बापू म्हणाला. "आता तिलाच सांग, चहाचे पैसे पन दे म्हनावं."

पंकजनं खिसे चाचपले. पाकीट घरी होतं आणि फोनची बॅटरी मघाच्या प्रात्यक्षिकात संपली होती. पैसे मुन्नानं दिले. मास्तर तोवर 'आपणांस'वर अनुस्वार का द्यायचा हे मला समजावून सांगत होते, आणि मी बापूच्या फोनमधलं त्यांचं नाव डोळ्यांसमोर आणत होतो.